गणित आणि शिलाई एकाच तासाला

जूनचा शेवटचा सोमवार, कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातला. स्थळ: सेलू, प्राचार्यांचं दालन. हजर: प्राचार्य. गणिताचे काळबांडे सर, आल्यापासून घड्याळाकडे बघणारे. शिवणकामाच्या लताताई चौधरी, गळ्यातली मापाची टेप काढायला विसरून आलेल्या. आणि वेळापत्रक समितीची प्रमुख म्हणून मी. समितीत दुसरं कोणी नाही. गैरहजर: कोणी नाही, कारण प्रत्येकाला मी सकाळी आठवणीचा फोन केला होता. दालनाबाहेरच्या बाकावर: सरिता उईके, बीएस्सीला प्रवेश घ्यायला आलेली, आणि तिची आई फुलाबाई.

विषय एकच होता. सरिताला गणित हवं होतं आणि शिवणकामही हवं होतं, आणि माझ्या वेळापत्रकात दोन्ही एकाच तासाला होते.

मी भूगोल शिकवते. पण कॉलेजात कोणी मला नद्या-डोंगरांबद्दल विचारत नाही. विचारतात ते, "मॅडम, माझा तास कुठं टाकला?" बाहेरच्या माणसाला वाटतं, वेळापत्रक म्हणजे चौकटी आखायच्या आणि त्यात विषय भरायचे. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. मग कळलं, की खोल्या कमी, शिक्षक त्याहून कमी, आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सकाळी अकरावी-बारावीवाल्यांच्या ताब्यात. शिवाय प्रत्येक शिक्षकाची एक अट असते. ती लेखी कधीच नसते, आणि मोडली तर महिनाभर बोलत नाहीत.

मी अजूनही ड्रॉइंग शीटवर काम करते. संगणकावरचा प्रोग्रामही वापरून पाहिला. त्याने इंग्रजीच्या सरांना एकाच वेळी दोन मजल्यांवर उभं केलं. त्यापेक्षा माझ्या टिकल्या बऱ्या. बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणायची, प्रत्येक शिक्षकाला एक रंग द्यायचा. चिकटवता येतात, काढता येतात, कागद फाटत नाही. काळबांडे सर मरून रंगाचे. लताताई हिरव्या. जूनमध्ये दुकानदार मला बघूनच पाकिटं काढून ठेवतो. घरात लग्न आहे असं त्याला वाटत असावं.

या कामातली खरी युक्ती एकच आहे. जे दोन विषय एकच मुलगा कधी घेत नाही, ते एकाच वेळी ठेवायचे. म्हणजे खोल्या पुरतात, शिक्षक पुरतात. आमच्याकडे गणिताची पोरं जोडीला संगणक किंवा विजेचं काम घ्यायची. शिवणकामाला यायच्या त्या कला शाखेच्या मुली. म्हणून अकराला काळबांडे सर वरच्या मजल्यावर गणित शिकवायचे आणि मंगळवार-गुरुवार त्याच वेळी खाली लताताईंचा दोन तासांचा वर्ग चालायचा. वर्षानुवर्षं ही जोडी मी न हलवता ठेवली होती, आणि सगळं वेळापत्रक तिच्या आधाराने उभं होतं.

मग नवीन शैक्षणिक धोरण आलं. आता मुख्य विषय एका शाखेचा, जोडविषय दुसऱ्या शाखेचा चालतो, आणि वर एक हाताचं काम शिकायचं. धोरण चांगलंच आहे. मी त्याच्या बाजूची आहे. पण कागदावर विद्यार्थ्याला सगळं घेता येतं, घड्याळावर येत नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या टेबलापुढे तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एक वडील म्हणाले, "मॅडम, पोराले असा विषय द्या का ज्याचा तास बाराच्या आत खतम व्हते. मंग म्हशी कोण पाहीन?" मी म्हटलं, मानसशास्त्र बसतं. ते म्हणाले, "बसते नं? मंग तेच द्या. म्हशीच्या बी कामी येईन." सावंगीच्या दवाखान्यात आया म्हणून काम करणारी एक बाई आली. रात्रपाळी करून तिला इतिहासात बीए करायचं होतं. तिने विषयांची नावं विचारलीच नाहीत. कोणत्या तासाला झोप आली तर चालेल, एवढंच विचारलं. तिचं मी जमवलं. ती पास झाली आणि पेढे घेऊन आली तेव्हा जांभई देतच आली.

सरिताचं मात्र टिकली हलवून जमण्यासारखं नव्हतं.

ती बोर अभयारण्याच्या जंगलालगतच्या गावातली. घरात गोंडी बोलतात. बाहेरच्यांशी आपल्यासारखंच वऱ्हाडी बोलतात. बारावीपर्यंत आश्रमशाळेत होती. गणितातले तिचे गुण पाहून काळबांडे सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. प्रवेशाची चौकशी करायला आली त्या दिवशी मी विचारलं, "गणितच का?"

"आवडते," ती म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं.

फुलाबाईंनी मला आधी "जय सेवा" केला, मग पदर खोचून बाकावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "मॅडम, माई मोठी पोरगी बीए झाली. आता माया संग निंदाले येते. गावातले लोक म्हंते, बीए केलं अन् खुरपंच धरलं. हिच्या बाबतीत मी तसं होऊ देत नाई. हे शिलाई शिकते तर येऊ देतो. नाई तं नाई."

"आणि गणित?"

"गणिताले माया विरोध नाई नं. घेऊ द्या तिले. पण शिलाई पायजेच."

"शिलाईची वेळ आणि गणिताची वेळ एकच आहे हो."

"मंग वेळ बदलवा. वेळ तुमीच ठेवली नं?"

वेळ मीच ठेवली होती. म्हणून तो सोमवार.

प्राचार्य माणूस भला, पण त्यांना दारावर दुसरी माणसं थांबलेली दिसत असतात. ते म्हणाले, "एका मुलीसाठी सगळं हलवायचं? तिला गणिताऐवजी अर्थशास्त्र द्या. आकडे तिथंही आहेत."

"सर, जिलेबीऐवजी साखर द्या म्हटल्यासारखं झालं हे," काळबांडे सर म्हणाले.

"मग तुम्ही दुपारी दोनला तास घ्या," प्राचार्य म्हणाले.

सरांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. त्यांची अट मला माहीत होती. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सावंगीला डायलिसिसला न्यावं लागायचं. साडेबाराला मोटरसायकल काढली तर ते वेळेवर पोचत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण टिकली लावणाऱ्या बाईला सांगावंच लागतं. मी म्हटलं, "सरांचं दुपारी जमणार नाही. पुढे."

"मंग मी सकाळी येऊ का?" लताताई म्हणाल्या. "पण सकाळी मी वर्ध्याच्या कॉलेजात असतो. तिथून बसनं येता येता अकरा वाजतेच. अन् दुपारनंतर दुकान. जूनमंधी शाळेचे गणवेश कोण शिवीन, तुमी?"

"आणि चारनंतरचा वर्ग त्या मुलीलाही चालणार नाही," मी म्हटलं. "तिच्या गावची शेवटची बस साडेचारला आहे. ती चुकली तर पुढचा रस्ता जंगलातला. वाघ सगळ्यांनाच दिसतो असं नाही, पण आई एकदा म्हणाली 'नाई' की संपलं."

सगळ्यांची कारणं खरी होती. वेळापत्रकाच्या कामात हेच कठीण. खोटं कारण मोडून काढता येतं.

मी लताताईंना विचारलं, "तुमच्या दोन तासांत पहिल्या तासाला काय करता?"

"बेतणं. माप घेणं, कागदावर काढणं, कापणं. दुसऱ्या तासाले मशीनवर."

"यातलं काय चुकलं तर मुलगी शिकत नाही?"

"बेतणं! शिलाई तं हातानं येते, करता करता. बेतणं पाहून समजून घ्या लागते. बाही बसते तो मुंढा चुकला का ब्लाऊज गेला."

"मग उलटं करा. पहिल्या तासाला मशीन, दुसऱ्या तासाला बेतणं. सरिता अकराला गणिताला बसेल, बाराला खाली येईल. तिचं चुकेल ते फक्त मशीनवरचं काम. ते ती दोन ते चार, बस यायच्या आधी करेल."

लताताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोळी आधी भाजून मग लाटायला सांगितली होती. "अवो मॅडम, कापल्याशिवाय शिवतीन काय?"

"मागच्या वेळी कापलेलं शिवतील. मंगळवारी कापायचं, गुरुवारी शिवायचं. गुरुवारी कापायचं, मंगळवारी शिवायचं."

"अन् तोवर ते कापलेले तुकडे? पोट्ट्यांच्या बाह्या एकमेकींत गेल्या तं? आपल्या स्टोअरमंधी उंदरं हायेत, उंदरं!"

"पिशव्या. प्रत्येकीची वेगळी, नाव लिहून, वर खुंटीला. खुंट्या मी बसवून देते."

"हे मले एवढ्या वर्षांत कोणी इचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग गळ्यातली टेप त्यांच्या लक्षात आली. ती काढून त्यांनी गुंडाळली, आणि मला कळलं की जमलं.

काळबांडे सरांनी एकच शंका काढली. "दोन्हीकडे पळणारी मुलं शेवटी एक सोडतात. आणि सोडतात ते गणित. मी पाहिलंय."

मी म्हटलं, "सोडलं तर सोडलं. पण वेळापत्रकामुळे सोडायला नको."

बाहेर जाऊन फुलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाहा, झालं नं? तुमी उगाच एवढी मिटिंग घेऊन राह्यले होते."

पहिला महिना हालाचा गेला. कला शाखेच्या मुलींनी तक्रार केली, की कापलेला कपडा दोन दिवसांनी हातात घेतला की कोणता तुकडा कुठला ते आठवत नाही. लताताईंनी प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करायची सवय लावली. पुढे त्याच म्हणू लागल्या, की आता मुली कापताना जास्त विचार करतात, कारण शिवेपर्यंत चूक सुधारायला कोणी जवळ नसतं. दुपारी दोन ते चार शिवणाची खोली उघडी ठेवायला शिपाई मोकळा नसायचा. मग मी माझे तपासायचे पेपर घेऊन तिथेच बसू लागले. मशीनच्या आवाजात भूगोलाचे पेपर बरे तपासले जातात; मुलांची अक्षरं कमी टोचतात.

अशाच दुपारी मला सरिता कळली. एरवी शब्द मोजून बोलणारी मुलगी मशीनवर बसली की बोलायची. एकदा तिने विचारलं, "मॅडम, बाहीचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा थोडा मोठा काऊन ठेवते?"

"लताताईंना विचार."

"इचारलं. त्या म्हंते, ठेवा लागते. नाई ठेवला तं हात वर होत नाई. पण कितीक मोठा? कोणत्या हिशेबानं?"

दुसऱ्या दिवशी तिने तेच काळबांडे सरांना विचारलं. सरांनी तिची कागदावर बेतलेली बाही घरी नेली. चार-पाच दिवसांनी ते स्टाफरूममध्ये दोरा घेऊन बसलेले दिसले. बाहीच्या कडेने दोरा लावायचे, सरळ करून मोजायचे. मला म्हणाले, "मॅडम, वक्राची लांबी मी इतकी वर्षं शिकवतो. पण कोणी कधी वक्र हातात आणून दिला नव्हता." त्यांनी तो धडा त्या वर्षी बाहीवरून शिकवला. मुलांनी मागे बसून "लेडीज टेलर, लेडीज टेलर" केलं. सर म्हणाले, "हसा. तुमच्या शर्टाला पण दोन बाह्या हायेत."

खरं संकट आलं ते पहिल्या वर्षाच्या परीक्षेत. गणिताच्या पेपरची तारीख विद्यापीठ ठरवतं. शिवणाच्या प्रात्यक्षिकाची तारीख आम्ही ठरवतो, पण ती बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंच्या सोयीने. त्यांना मोकळा दिवस एकच होता, आणि नेमका तोच गणिताच्या पेपरचा निघाला. माझ्या कागदावरचा गुंता मी सोडवला होता. हा दुसऱ्यांच्या कागदांवर पडला.

मी परीक्षक बाईंना आधी फोन केला. त्या म्हणाल्या, "बघू." परीक्षेच्या सकाळी अकराला त्यांनी हजेरी घेतली. सरिता उईके. उत्तर नाही.

"गैरहजर," त्या म्हणाल्या.

"गैरहजर कशी? तुमच्या डोक्यावरच्या वर्गात गणिताचा पेपर लिहिते आहे. साडेबाराला सुटेल."

"मॅडम, प्रात्यक्षिक तीन तासांचं. मला दोनला निघायचंय. माझीही बस आहे."

इथे माझ्याकडे टिकली नव्हती. एका वर्षाची शिलाई वाया गेली असती, आणि पुढे काय होतं ते मला माहीत होतं. आई म्हणाली असती, शिलाई नाही तर कॉलेज नाही. वरच्या मजल्यावर मुलगी जे काही सोडवत होती, तेही मग संपलंच होतं.

फुलाबाई त्या दिवशी आल्या होत्या. व्हरांड्यात डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि उठून दारात आल्या. मला वाटलं, आता भांडतात. त्या परीक्षक बाईंना म्हणाल्या, "ताई, तुमी जेवल्या का?"

"नाही. का?"

"मंग जेवून घ्या आमच्यासंग. भाकर हाये, ठेचा हाये, मोहाचे लाडू हायेत. तवरिक पोरगी येते. तुमची बस गेली तं मी आहो नं, दोघी मिळून दुसरी पाहू. मले बी जायचंच हाये."

परीक्षक बाई आधी हसल्या, मग घड्याळाकडे पाहिलं, मग लाडवाकडे. "मोहाचे लाडू मी लहानपणी खाल्ले होते," त्या म्हणाल्या.

सरिता साडेबाराला जिना उतरून आली ती पाण्याचा घोटही न घेता मशीनवर बसली. पेपर कसा गेला, कोणी विचारलं नाही. लताताईंना बोलायची परवानगी नव्हती; त्या खिडकीशी उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. घाईत सरिताने डावी बाही उजव्या बाजूला लावली. आम्हाला दोघींना ते दिसलं, पण सांगायची मुभा नव्हती. ती पुढे शिवत गेली, थांबली, ब्लाऊज वर धरला, आणि उसवायला बसली. एकेक टाका ती नीट काढत गेली.

चार वाजायच्या आत काम टेबलावर आलं. परीक्षक बाईंनी टेप लावली, मुंढ्यातून दोन बोटं फिरवली, आतली शिलाई उलटून पाहिली. मग ब्लाऊज फुलाबाईंकडे दिला. "तुम्ही सांगा, कसा आहे?"

फुलाबाईंनी तो उजेडात धरला. "बाही बरोबर बसली," त्या म्हणाल्या. "पण काज जरा मोठे झाले. बटण निसटन."

"आई!" सरिता म्हणाली.

"खरं तेच सांगतो नं बाई. परीक्षा हाये."

साडेचारच्या बसला तिघी एकत्र गेल्या. परीक्षक बाई वाटेत उतरून पुढची बस धरणार होत्या.

सरिता दोन्हीत पास झाली. गणितात चांगली, शिलाईत त्याहून चांगली. सुट्टीत तिने गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. फुलाबाई दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी म्हणाल्या, "आता हे काई बी घेऊ द्या. मी बोलत नाई." दुसरं वर्षही त्याच उलट्या क्रमाने पार पडलं. त्या रस्त्यावरच्या गावांतून आणखी तीन मुलींनी गणित घेतलं. त्यातल्या एकीने जोडीला संगीत मागितलं. ते प्रकरण मी वेगळ्या कागदावर सोडवलं.

आता सरिता शेवटच्या वर्षाला आहे. सप्टेंबरच्या अखेरीला काळबांडे सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी फक्त विद्यार्थ्यांची नावं घेतली आणि खाली बसले. त्यांची जागा भरायला परवानगी आलेली नाही. तोवर तासिका तत्त्वावर कोणी मिळतं का म्हणून मी स्वतः फोन करत सुटले. पहिल्या आठवड्यात कोणी मिळालं नाही. दुसऱ्यात एक जण मिळाले आणि रोज ये-जा करायचा रस्ता ऐकूनच नाही म्हणाले. मुलांनी ऑक्टोबरचे तास आपापसात वाटून घेतले. कोण काय समजावतं, ते फळ्यावर दिसायचं.

शेवटी वर्ध्याचे एक तरुण सर तयार झाले. शिकवतात उत्तम, एक तास घ्यायला लावून मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. पण सकाळी ते दुसरीकडे बांधलेले आहेत. येऊ शकतात ते दुपारी तीनला. दिवाळीनंतर सुरू करू म्हणाले. शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम एवढा राहिलाय, की रोज दोन तास घेतल्याशिवाय परीक्षेपर्यंत होत नाही. तीन ते पाच. बस साडेचारची.

टिकल्या मी सगळ्या दिशांनी फिरवून पाहिल्या. या वेळी कॉलेजातलं काही हलवून उपयोग नाही. हलायला हवी ती बस. साडेचारच्या ऐवजी सव्वापाच. उन्हाळ्यापर्यंत, आठवड्यातले निदान चार दिवस. अर्ज लिहून ठेवला आहे. त्यावर सरिता आणि त्या तिघी, अशा चार मुलींच्या सह्या आहेत, सरपंचांची आहे, आणि फुलाबाईंनी अंगठा न देता नाव लिहिलं आहे. मधलं अक्षर मोठं झालंय. लताताई म्हणाल्या, पोस्टानं पाठवू नका, समोर बसून बोला. बरोबर आहे. पाठवलेल्या कागदाला बस दिसत नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत मला वर्ध्याला जाऊन एसटीच्या आगारप्रमुखांना भेटायचं होतं. परीक्षेची कामं निघाली, जाणं झालं नाही. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी सकाळी जाणार आहे. नवे सर त्याच दुपारी तीनला येतील, आणि त्या दिवशी तरी बस साडेचारचीच असेल.